छपाईचा खर्च आणि प्रकाशनाचा मान

बंगळूर शहराच्या दक्षिण भागात बसवनगुडी नावाची जुनी वसाहत आहे. कन्नडमध्ये 'बसव' म्हणजे नंदी आणि 'गुडी' म्हणजे देऊळ. टेकडीवरील नंदीच्या देवळावरून हे नाव पडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, विशेषतः 1898 च्या प्लेगनंतर, पेठांतील दाटी सोडून लोक येथे येऊन राहू लागले. येथील गांधी बाजार फुलांसाठी आणि पूजासाहित्यासाठी प्रसिद्ध आहे. पण पुस्तकांची दुकाने, प्रकाशनसंस्था आणि सभागृहे यांचीही या परिसरात वाण नाही. गांधी बाजाराजवळच्या मोठ्या रस्त्याला कोणा सेनापतीचे किंवा संस्थानिकाचे नाव नसून डी. व्ही. गुंडप्पा या लेखकाचे नाव आहे. याच गुंडप्पांनी 1945 साली गोपाळ कृष्ण गोखले यांच्या नावाने सार्वजनिक प्रश्नांच्या अभ्यासाची एक संस्था येथे स्थापिली. त्याच साली बी. पी. वाडिया यांनी जागतिक संस्कृतीच्या अभ्यासासाठी दुसरी संस्था काढली. अशा या भागाला लागून असलेल्या गवीपुरात मास्ती व्यंकटेश अय्यंगार यांचे घर होते.

मास्ती म्हैसूर संस्थानच्या मुलकी सेवेतील अधिकारी. कन्नड लघुकथेचे ते जनक मानले जातात आणि 1983 चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांच्या नावावर आहे. अशा लेखकाची बहुतेक पुस्तके त्यांच्या स्वतःच्या 'जीवन कार्यालया'तून निघत, आणि 'जीवन' हे मासिकही ते स्वतः चालवीत. म्हणजे लेखक तेच, पैसा घालणारे तेच, आणि पुस्तक विकले गेले नाही तर नुकसान सोसणारेही तेच. यात त्यांच्या प्रतिष्ठेला बाध आला असे कोणी म्हटले नाही.

आज त्याच परिसरात, किंवा पुण्यात, नागपुरात, बेळगावात, एखादे निवृत्त शिक्षक आपला कवितासंग्रह घेऊन प्रकाशकाकडे जातात. प्रकाशक हस्तलिखित चाळतो, स्तुती करतो आणि अमुक इतकी रक्कम भरल्यास पुस्तक काढू असे सांगतो. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेले पैसे शिक्षक भरतात. समारंभ होतो, शाल-श्रीफळ होते, वृत्तपत्रात छायाचित्र येते. वर्षभरानंतर प्रतींचे गठ्ठे त्यांच्या माळ्यावर पडलेले असतात, आणि त्यांच्याच पुस्तकावर 'सर्व हक्क प्रकाशकाधीन' असे छापलेले असते. मास्तींनीही पैसे घातले आणि या शिक्षकांनीही घातले. मग दोहोंत फरक तो कोणता? लेखकाने आपल्या पुस्तकासाठी पैसे देणे योग्य की अयोग्य, या प्रश्नाचे उत्तर या फरकातच शोधावे लागते.

मुद्रण आणि प्रकाशन या दोन वस्तू एक नव्हेत, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. मुद्रक मजुरी घेतो. त्याने मजकुराच्या गुणावगुणाचा विचार करावा अशी कोणाची अपेक्षा नसते. लग्नपत्रिका छापणाऱ्याला कोणी वधूवरांविषयी अभिप्राय विचारीत नाही. प्रकाशकाचे काम निराळे. अनेक हस्तलिखितांतून तो एक निवडतो, त्यावर संस्कार करतो, स्वतःचे भांडवल गुंतवतो आणि अपरिचित वाचकापर्यंत ते पोहोचवितो. पुस्तकावर त्याचे नाव असते याचा अर्थ असा की, लेखकाचा आप्त नसलेल्या एका जाणत्या माणसाने या पुस्तकासाठी आपले पैसे पणाला लावले आहेत. वाचक त्या नावावर विश्वास ठेवतो तो एवढ्यासाठीच.

मराठीतील याचे लखलखीत उदाहरण म्हणजे 1942 सालचा 'विशाखा' हा कुसुमाग्रजांचा काव्यसंग्रह. तो वि. स. खांडेकरांनी स्वखर्चाने प्रसिद्ध केला आणि त्याला प्रस्तावनाही लिहिली. खांडेकर तेव्हा मान्यवर कादंबरीकार होते, कवी तरुण होता, आणि काळ महायुद्धाचा. येथे पैसा निवडणाऱ्याच्या खिशातून गेला. म्हणून प्रस्तावनेतील प्रशंसेला वजन आले. तीच प्रस्तावना कवीकडून रक्कम घेऊन लिहिली असती, तर तिच्यातील एक अक्षरही न बदलता तिची किंमत शून्य झाली असती.

परंतु यावरून लेखकाने पदरचे पैसे घालणे हाच दोष, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. एकोणिसाव्या शतकातील मराठी पुस्तकांची मुखपृष्ठे पाहिली, तर 'हे पुस्तक ग्रंथकर्त्याने अमुक छापखान्यात छापवून प्रसिद्ध केले' अशा अर्थाचा मजकूर वारंवार आढळतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 साली 'निबंधमाला' सुरू केली ती दुसऱ्या कोणाच्या आश्रयाने नव्हे. लेखक, संपादक आणि चालक ते एकटेच होते. इंग्लंडात जेन ऑस्टिन या कादंबरीकर्त्रीची पहिली कादंबरी 1811 साली तिच्याच जोखमीवर निघाली. खर्च तिचा, हक्कही तिचे, आणि प्रकाशकाला विक्रीवर दलाली. आवृत्ती खपली आणि तिला सुमारे 140 पौंड मिळाले. पुढची कादंबरी मात्र तिने 110 पौंडांना हक्कांसह विकून टाकली. ती अधिक खपली आणि तो नफा प्रकाशकाचा झाला. ज्या पुस्तकावर बाईंनी स्वतः जोखीम घेतली ते त्यांना फळले, आणि ज्यावर रीतसर मोबदला घेतला ते दुसऱ्याला! जोखीम, हक्क आणि नफा ही तिन्ही एकाच बाजूला राहिली तर व्यवहार स्वच्छ राहतो, मग ती बाजू लेखकाची असो वा प्रकाशकाची.

निवड करणारे नेहमी न्यायानेच निवडतात असेही नाही. पेशवाईतील दक्षिणेच्या निधीतून इंग्रज सरकारने मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्याची व्यवस्था केली, तेव्हा जोतीराव फुले यांनी 1855 साली 'तृतीय रत्न' हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. कमिटीने ते नाकारले आणि पुढे कित्येक दशके ते अप्रकाशितच राहिले. ज्याच्या विचाराला प्रस्थापित परीक्षक जागा देत नाहीत, त्याला आपले पुस्तक आपणच छापण्याचा मार्ग मोकळा असलाच पाहिजे. मराठीतील अनियतकालिकांची चळवळ याच मार्गाने गेली. 1976 साली मुंबईत अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, गीव्ह पटेल आणि अरविंद कृष्ण मेहरोत्रा या कवींनी मिळून 'क्लिअरिंग हाऊस' नावाची सहकारी प्रकाशनसंस्था काढली व कोलटकरांचे 'जेजुरी' तिच्यातून निघाले. कवीच प्रकाशक होते. पण एकमेकांच्या कवितेची पारख ते करीत होते आणि कोणी कोणाला गिऱ्हाईक समजत नव्हते.

तिसरा मार्ग वाचकांनी आगाऊ पैसे देण्याचा. या बाबतीत बंगळूरकडून धारवाडकडे वळावे लागते. तेथे जी. बी. जोशी यांनी 1933 साली 'मनोहर ग्रंथमाला' सुरू केली. वाचकाने वर्षाची वर्गणी भरावी आणि वर्षभरात ठरलेली पुस्तके त्याच्या घरी यावीत, अशी ही योजना. घरात मराठी बोलणारे थोर कन्नड कवी द. रा. बेंद्रे या मालेच्या पाठीशी होते. आपल्याकडे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा प्रचंड डोलारा भागीदार आणि वर्गणीदार यांच्या बळावरच उभारला. कन्नड कादंबरीकार गळगनाथ यांची गोष्टही येथे आठवते. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या कन्नडात आणणारे हे गृहस्थ आपल्या पुस्तकांचे ओझे वाहून घरोघर, गावोगाव विकीत. बंगळूरात जी. पी. राजरत्नम यांनी हीच परंपरा चालविली. ते तर इतरांची पुस्तकेही तितक्याच उत्साहाने विकीत. कवी असून दारोदार हिंडण्याची लाज त्यांना वाटली नाही. पैसा थोडा असेल, पण तो वाचकाकडून येत होता.

त्याही आधी राजाश्रय होता. बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर असताना जयराम पिंड्ये हा कवी त्यांच्या दरबारी आला आणि आपल्याला बारा भाषा येतात हे दर्शविण्यासाठी त्याने राजापुढे बारा नारळ ठेवले, अशी कथा आहे. त्याचे 'राधामाधवविलासचंपू' हे काव्य पुढे इतिहासाचार्य राजवाडे यांनी संपादून प्रसिद्ध केले. आश्रयदात्याची स्तुती करावी लागे हे खरे. पण दरबारात हजर होण्याबद्दल कवीने शुल्क भरावे अशी कल्पना त्या काळच्या कोणालाही सुचली नसती.

आता शिक्षकांच्या कवितासंग्रहाकडे पुन्हा येऊ. हिशेब समजण्यापुरते काही आकडे कल्पू. पुस्तक छापून बांधून तयार होण्यास 50 हजार रुपये लागतात आणि लेखकाकडून 80 हजार घेतले जातात. एकही प्रत विकली जाण्यापूर्वीच प्रकाशकाच्या हाती 30 हजार उरले. यापुढे विक्रीसाठी धडपड करावी, ग्रंथपालांना पत्रे लिहावीत, परीक्षणासाठी प्रती धाडाव्यात, याची त्याला काय गरज? उलट त्यात टपालखर्चच वाढायचा. ज्या प्रकाशकाने स्वतःचे 50 हजार अडकविले आहेत, त्याला ते सोडविण्यासाठी दुकाने हिंडावीच लागतात. या व्यवसायात एखादाच माणूस दुष्ट असतो असे नव्हे. येथे कमाईची दिशा फिरली की प्रामाणिक माणसाचेही लक्ष वाचकावरून उडून पुढच्या हस्तलिखिताकडे लागते.

'प्रातिनिधिक' म्हणविल्या जाणाऱ्या काव्यसंग्रहांत हा प्रकार अधिकच उघडा दिसतो. शंभर कवींनी प्रत्येकी 800 रुपये भरले की 80 हजार जमले. प्रत्येकास एक प्रत, एक सन्मानचिन्ह आणि व्यासपीठावर दोन मिनिटे. येथे कवी हेच वाचक आणि कवी हेच गिऱ्हाईक. प्रतिनिधित्व कशाचे, तर शुल्क भरण्याच्या ऐपतीचे. प्रवेशमूल्य घेऊन दिल्या जाणाऱ्या काही 'राज्यस्तरीय' पुरस्कारांची गतही याहून फार वेगळी नाही. हौसेने एकत्र जमून वर्गणी काढून पुस्तक काढण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो वर्गणीला निवडीचे नाव देण्याला.

या व्यवहारात फसतो तो लेखक एकटाच नव्हे. शुल्क घेणाऱ्या प्रकाशकाला नकार देणे परवडत नाही. आणि नकार हा लेखकाला मिळणारा एक मौल्यवान सल्ला असतो. 'अजून दोन वर्षे थांबा, या साठ कवितांतल्या वीस ठेवा' असे सांगणारा संपादक ज्याला भेटला नाही, त्याची चांगली वीसही वाया जातात. ज्याच्यापाशी रक्कमच नाही अशा शेतमजुराची मुलगी किंवा कारखान्यातला कामगार या चाळणीतून खालीच पडतो. साहित्याला पैशाची चाळणी लागली की हे व्हायचेच.

चित्रकारांच्या बाबतीत असे विचारले जाते की, मुंबईत जहांगीर कलादालनासारख्या ठिकाणी चित्रकार भिंतीचे भाडे भरतातच ना? भरतात, पण त्यात भाड्याला भाडेच म्हटले जाते, चित्रे चित्रकाराची राहतात, आणि ती भिंत भाड्याची आहे हे पाहणाऱ्यालाही ठाऊक असते. पुस्तकाच्या धंद्यात भाडे घेऊन वर घरही लिहून मागतात, ही अडचण आहे.

घर लिहून मागण्याच्या या बाबतीत कायदा लेखकाच्या बाजूने बराच स्पष्ट आहे, पण तो फार थोड्या लेखकांनी वाचलेला असतो. 1957 च्या लेखाधिकार कायद्यानुसार, पुस्तक लिहिल्याबरोबर त्याचा हक्क सामान्यतः लेखकाचा होतो. त्यासाठी नोंदणीचीही सक्ती नाही. तो दुसऱ्याला द्यावयाचा तर लेखी करार हवा आणि त्यावर लेखकाची सही हवी. कोणते पुस्तक, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशापुरते आणि मोबदला काय, हे त्यात लिहिलेले असावे. काळ लिहिला नसेल तर तो 5 वर्षांचा समजला जातो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. ज्याने हक्क घेतले त्याने एका वर्षाच्या आत ते वापरले नाहीत, तर करारात वेगळे काही नसल्यास ते संपुष्टात येतात. हक्क दिले तरी 'हे माझे लेखन आहे' असे म्हणण्याचा आणि त्यात बदनामीकारक फेरफार झाल्यास दाद मागण्याचा अधिकार लेखकाकडे उरतोच. तेव्हा करारावाचून मुखपृष्ठामागे छापलेल्या 'सर्व हक्क प्रकाशकाधीन' या तीन शब्दांनी शिक्षकांचा हक्क जात नाही. सही केलेल्या कागदात तसे असेल, तर मात्र गोष्ट निराळी.

प्रकाशकांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. कविता विकत घेऊन वाचणारा वर्ग लहान आहे. कागद महाग, दुकानदाराची सूट मोठी, आणि उधारी वर्षानुवर्षे वसूल होत नाही. महाराष्ट्रात 1967 च्या आणि कर्नाटकात 1965 च्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था झाली. ग्रंथालयांची खरेदी हाच पुष्कळ पुस्तकांचा मुख्य आधार होऊन बसला, आणि त्या खरेदीत खंड पडला की लहान प्रकाशकाचे कंबरडे मोडते. चांगल्या कादंबरीच्या नफ्यातून कवितेचा तोटा भरून काढणारे प्रकाशक मराठीत आणि कन्नडात होऊन गेले आहेत व आजही आहेत. पण असा त्याग प्रत्येकाकडून अपेक्षिणे हे दुसऱ्याच्या खिशावर उदार होण्यासारखे आहे. लेखकाकडून खर्चाचा वाटा घेतल्याशिवाय एखादा प्रकाशक उभा राहूच शकत नसेल, तर त्याने तसे उघड म्हणावे: आपण लेखकासाठी मुद्रणाची, मुद्रितशोधनाची आणि विक्रीची सेवा करतो, तिचे दर हे, प्रती लेखकाच्या, हक्क लेखकाचे, विक्रीचा हिशेब दर सहा महिन्यांनी. हा सचोटीचा धंदा आहे. त्यात 'निवड समिती'चा देखावा मिसळला की ती सचोटी उरत नाही.

नव्या लेखकाला पदरमोड करावी लागू नये म्हणून काही सार्वजनिक सोयीही आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ 1960 साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाले. नवलेखकाच्या पहिल्या पुस्तकास अनुदान देण्याची त्याची योजना आहे. कर्नाटकात कन्नड पुस्तक प्राधिकारही पहिल्या पुस्तकाला असेच साहाय्य करते. परीक्षकांच्या वाचनातून गेलेल्या पुस्तकाला जनतेच्या पैशाचा आधार मिळतो, म्हणजे निवड आणि खर्च यांची फारकत होत नाही. अशा योजनांत विलंब होतो आणि अर्ज पुष्कळ असतात, हे मान्य करूनही ज्याने पहिले पुस्तक लिहून ठेवले आहे त्याने आधी तेथे विचारणा करणे बरे. खाजगी संस्थेची पावती फाडण्याची वेळ त्यानंतरही येऊ शकते.

ती वेळ आलीच, तर पैसे देण्यापूर्वी विचारावयाच्या गोष्टी फारशा अवघड नाहीत. हस्तलिखित कोणी वाचले आणि त्याने कोणत्या दुरुस्त्या सुचविल्या? मागील वर्षी या संस्थेने किती हस्तलिखिते परत केली? एकही नसेल, तर 'निवड' हा शब्द त्या कार्यालयात निरर्थक आहे. छापखान्याचे दरपत्रक पाहावयास मिळेल काय? शिल्लक प्रती कोणाच्या मालकीच्या राहतील? पुस्तकाला जो आंतरराष्ट्रीय क्रमांक, म्हणजे आयएसबीएन, लागतो, त्यासाठी वेगळी रक्कम लावली असेल तर तिचे कारणही विचारावे. कारण आपल्या देशात तो क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी यंत्रणा विनामूल्य देते, आणि स्वतः प्रकाशन करणाऱ्या लेखकालाही तो मिळतो.

आणखी एक तपशील असाच किरकोळ वाटणारा आहे. 1954 च्या कायद्याप्रमाणे पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून 30 दिवसांच्या आत प्रकाशकाने स्वखर्चाने त्याची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील तीन ठरलेल्या ग्रंथालयांस पाठवावयाची असते. पाकिटभर टपालाचे हे काम ज्याने केले, त्याच्यापाशी पोच असते. माळ्यावरच्या गठ्ठ्यांचे काय करावे या विवंचनेत असलेल्या शिक्षकांनी निदान ती पोच मागून घ्यावी. ती निघाली नाही, तर गठ्ठ्यातल्या चार प्रती त्यांनी स्वतःच बांधून धाडाव्यात.